वादाचं वावर, बटाईचं पीक

मागच्या व्याख्यानानंतर अकोल्याच्या एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, हे शिव्या देऊन पैसे कमावणारे लोक बुडत काहून नाहीत?" आज अमरावतीत त्याचंच उत्तर शोधू.

आधी हिशेब. लांब व्हिडिओवर जी जाहिरात लागते, तिच्या उत्पन्नातले 55 टक्के यूट्यूब व्हिडिओवाल्याला देतं. आपल्याकडच्या भाषेत ही बटाई झाली. पीक अर्धं-अर्धं, पण सातबारा मालकाच्या नावावर. मालक केव्हाही म्हणू शकतो, उद्यापासून वावरात येऊ नको.

विकास पाठक यांचंच घ्या, म्हणजे 'हिंदुस्तानी भाऊ'. गाडीत बसायचं, संजय दत्तच्या थाटात बोलायचं आणि कॅमेऱ्याकडे पाहून पाकिस्तानला शिव्या घालायच्या. कला म्हणून बघाल तर ही एकच नक्कल आहे, पुन्हा पुन्हा केलेली. पण तिने त्यांना 2019 मध्ये 'बिग बॉस 13'पर्यंत नेलं. ऑगस्ट 2020 मध्ये इन्स्टाग्रामने खातं बंद केलं. मालकाने वावर काढून घेतलं ते असं.

बरं, तरी माणूस बुडला का? नाही. कारण खरी कमाई खात्यात नसते, ओळखीत असते. 31 जानेवारी 2022 ला दहावी-बारावीच्या परीक्षा ऑनलाइन घ्या म्हणून पोरं धारावीत शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांच्या घराजवळ जमली. नागपुरात बस फोडली गेली. दुसऱ्या दिवशी पाठक यांना अटक झाली, पुढे जामीनही मिळाला. परीक्षा मार्चमध्ये ऑफलाइनच झाल्या.

आता रणवीर अलाहबादिया. फेब्रुवारी 2025 मध्ये 'इंडियाज गॉट लेटेंट'मधल्या एका घाणेरड्या प्रश्नावरून गुन्हे दाखल झाले. सुप्रीम कोर्टाने अटकेपासून संरक्षण दिलं, पण कार्यक्रम थांबवला. आपल्यावर 280 कर्मचाऱ्यांचं पोट आहे, असं त्यांनी कोर्टाला सांगितलं. 3 मार्चला अटींवर परवानगी मिळाली. त्या 280 जणांबद्दल मला सहानुभूती आहे. पण बघा, धोका पत्करायच्या वेळी निर्णय एकट्याचा होता, आणि तो अंगावर आला तेव्हा 280 घरं पुढे उभी राहिली.

आपल्याकडे नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत आणि मे 2023 मध्ये अकोल्यात दंगल झाली, इंटरनेट बंद झालं. कारणं वेगळी होती, ती आज नको. पण नेट बंद झालं की चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोडही बंद पडतो. तिथली भरपाई कोणता वकील मागतो?

मघाशी मागच्या रांगेतल्या एका पोराने सांगितलं की तो पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे पाचला मैदानावर असतो म्हणे. बाबू, त्या भरतीत चारित्र्य पडताळणी असते. 'भाऊ'च्या हाकेला जाऊन तुझ्या नावावर गुन्हा पडला, तर त्याच्या व्हिडिओला तेवढे व्ह्यूज वाढतील. तुला त्यातले किती टक्के मिळणार, सांग बरं?