चकव्याचं माप

रानात चकवा लागतो म्हणतात. मोखाड्याकडच्या वाटांवर तिन्हीसांजेला एकट्या निघालेल्या माणसाला तो गाठतो. वाट रोजचीच, पायही रोजचेच, आणि तासभर चालून माणूस पुन्हा त्याच उंबराखाली उभा. चकव्याच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या. चकवा मोजायचं कुणाच्या मनात आलेलं ऐकलं नव्हतं. ते केंब्रिजच्या काही संशोधकांच्या मनात आलं. त्यांनी रचलेला प्रयोग मी एखाद्या घट्ट विणीच्या कवितेसारखा पुन्हा पुन्हा वाचतो.

डेनिस चॅन आणि सहकाऱ्यांनी तो 2019 साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडला. डोळ्यांवर आभासी वास्तवाचा चष्मा चढवायचा. समोर मोकळं माळरान, लांबवर काही खुणा. एक शंकू दिसतो, त्याच्यापर्यंत चालत जायचं. पोचलं की तो नाहीसा. मग दुसरा, मग तिसरा. तिसराही विझला की सांगणं एकच: आता पहिल्याच्या जागी परत या. पहिला शंकू तर केव्हाच गेलेला. चालायचं ते खरोखर, आपल्या पायांनी. खुर्चीत बसून कळ फिरवण्याची सवलत नाही.

त्रिकोणाच्या दोन बाजू दिलेल्या, तिसरी आपण चालून पुरी करायची. चांगला कवी दोन ओळी देतो आणि न लिहिलेली तिसरी वाचकाच्या पदरात टाकतो, तसंच. शिवाय परतीच्या वेळी कधी पायाखालच्या जमिनीचा पोत पुसून टाकतात, कधी क्षितिजावरच्या खुणा काढून घेतात. मला सगळ्यात आवडते ती ही काढून घेण्याची कला. अलंकार एकेक उतरवत जावेत आणि शेवटी नुसती लय उरावी, तसं शेवटी माणसाजवळ फक्त आपल्या पावलांचा हिशेब उरतो. तो थांबतो ती जागा आणि खरी जागा यांच्यामधलं अंतर, हे चकव्याचं माप.

चालणारे होते विसराळूपणाची तक्रार असलेले, पण अजून आपलं आपण करणारे 45 जण, आणि तुलनेला त्याच वयाचे 41 धडधाकट. त्या 45 पैकी 26 जणांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलेलं होतं. 12 जणांत अल्झायमरच्या खुणा सापडल्या, 14 जणांत नाही. परतीच्या वाटेवर ते 12 अधिक भरकटले. नेहमीच्या कागदी चाचण्यांना हे दोन गट जितके वेगळे काढता आले, त्याहून या चार पावलांना चांगले आले.

पावलांचा हिशेब ठेवणारी जागा मेंदूत आहे, तिचं नाव एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स. मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना 2005 साली उंदरांच्या मेंदूत तिथं अशा पेशी सापडल्या, ज्या जमिनीवर जणू मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी अंथरतात. 2014 चं नोबेल जॉन ओकीफ यांच्यासह त्यांना मिळालं. अल्झायमर ज्या जागांवर सर्वांत आधी घाला घालतो, त्यांतलीच ही एक. नातवंडांची नावं विसरण्याआधी वाट विसरायला होते, ती अशी.

पण खरी दाद मी राखून ठेवली आहे 2023 च्या शोधनिबंधासाठी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या आंद्रेआ कास्तेन्यारो, नील बर्जेस यांनी याच प्रकारचा खेळ घेतला आणि चूक नेमकी कुठं होते ते सोलून पाहिलं. बोट पडलं ते वळणावर. अल्झायमरच्या सुरुवातीच्या काळात माणसं वळण असतं त्यापेक्षा मोठं धरतात, दिशेचं भानही डळमळतं. आणि ही निव्वळ म्हातारपणाची वाढीव आवृत्ती नाही. आपल्या भाषेला हे उमजलं असावं अशी शंका येते. अक्षराला वळण असतं, पोरांना वळण लावतात, वळणाचं पाणी वळणावर जातं. माणसाची घडण सांगायला मराठीनं हाच शब्द निवडला, आणि घडण उसवायला लागते तीही तिथंच.

जव्हार-मोखाड्याच्या माणसाला इथं तारपा आठवल्याशिवाय राहणार नाही. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांचं ते वाद्य मध्ये घुमतं, भोवती कमरेत हात गुंफलेली साखळी फिरते. सूर बदलला की फिरण्याची दिशा बदलते, पण तारप्याकडे पाठ कुणी करत नाही. वळणं रात्रभर, हिशेब कुणालाच ठेवायचा नाही. तो तारपकऱ्यानं ठेवलेला. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटातले मोहन आगाशे यांचे स्मृती हरवत चाललेले शास्त्रीबुवा गाडीतून उतरून हत्तीमागे निघतात, तेव्हा तेही असेच निर्धास्त असतात. कुणाच्या तरी मागं चालणाऱ्याला चकवा लागत नाही. शंकूंच्या माळरानावर हा आधार काढून घेतलेला आहे, म्हणून तिथला करुण रस इतका कोरडा आणि इतका धारदार.

या चाचणीला अक्षरओळख लागत नाही, हे आमच्याकडे फार मोलाचं. शंभरातून सात-सात वजा करा, घड्याळ काढून दाखवा, असं शाळा न पाहिलेल्या आजीला सांगून तिच्या स्मृतीबद्दल काय कळणार? 2022 साली ‘नेचर’मध्ये 38 देशांतल्या सुमारे 4 लाख लोकांच्या वाट शोधण्याच्या मोबाइल-खेळाचा अभ्यास आला, शहराबाहेर वाढलेल्यांना वाट शोधणं एकंदरीत चांगलं जमत होतं. त्यावर खेडवळांनी फुशारायचं कारण नाही. भारतात साठीपुढच्यांमधलं स्मृतिभ्रंशाचं प्रमाण 2023 च्या एका मोठ्या पाहणीत 7.4 टक्के भरलं, आणि ते शहरांपेक्षा खेड्यांत जास्त होतं.

एक कुरकूर मात्र आहेच. त्या आभासी जगात चढ-उतार नाही. खोडाळा, सूर्यमाळ किंवा तोरंगण घाटाच्या बाजूला वाढलेला माणूस अंधारात दिशा ओळखतो ती पोटऱ्यांनी: इथं दम लागतो म्हणजे वर चाललो, इथं टाच रुतते म्हणजे खाली. सपाट जमीन हीच त्याच्यासाठी अर्धा चकवा. तिसरा शंकू विझला, डोंगरही पुसले, की आमच्याकडची म्हातारी चष्म्याआडून आधी विचारील, “अरं, नदी कोणच्या अंगाला?”