निबंधमालाकारांचा पूर्वपक्ष

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचें नांव निघतांच आजही दोन तट पडतात. एक त्यांस मराठी गद्याचे शिल्पकार म्हणून वंदितो, दुसरा सुधारणेचे वैरी म्हणून निंदितो. दोन्ही तटांतील पुष्कळ मंडळींनीं 'निबंधमाले'चे ८४ अंक समग्र वाचिले नसावेत, असा आमचा तर्क आहे. शाळेंत तीं वेंचे शिकवितांना आम्हींही प्रथम भाषेच्याच डौलावर भुललों होतों. कोणता दोष कोठें आहे हें पुढें कळलें.

शास्त्रीबुवा १८८२ त, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, वारले. एवढ्या अल्प आयुष्यांत १८७४ पासून सात वर्षें माला चालविणें, १८८० त न्यू इंग्लिश स्कूल काढणें, १८८१ त 'केसरी'च्या आरंभीं हातभार लावणें, हीं कामें सर्वांस ठाऊक आहेत. इतिहासाच्या अभ्यासकास त्यांहून मोलाचें वाटावें तें १८७८ सालचें 'काव्येतिहाससंग्रह'. काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह त्यांनीं जुन्या बखरी व कविता छापण्याचा उपक्रम आरंभिला. परक्यांनीं लिहिलेल्या आमच्या इतिहासावर नुसतें रागावून भागत नाहीं, मूळ कागद पुढें आणिले पाहिजेत, हा त्यांतील आशय. राजवाड्यांचा 'साधनां'चा पहिला खंड १८९८ त निघाला, त्याच्या वीस वर्षें आधींची ही गोष्ट आहे.

आतां दुसरी बाजू. जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी'चा (१८७३) समाचार घेतांना हेच शास्त्रीबुवा ग्रंथकाराच्या व्याकरणावर व शब्दांवर तुटून पडले. संस्कृत शास्त्रांत खंडनापूर्वीं प्रतिपक्ष्याचें म्हणणें त्याच्या पूर्ण बळानिशीं मांडावें लागतें; पूर्वपक्ष दुबळा मांडला तर सिद्धान्तही दुबळाच ठरतो. ज्यांनीं कालिदास, भवभूति, बाण यांवर इतक्या आस्थेनें लिहिलें, त्यांस हें शिकवावयास नको होतें. बळी व परशुराम यांच्या कथांतून फुल्यांनीं काढिलेला इतिहास पुराव्यास टिकत नाहीं, असें त्यांस साधार दाखवितां आलें असतें. पण मग शूद्रांच्या शिक्षणाविषयीं व भटशाहीच्या जाचाविषयीं त्याच पुस्तकांत जें प्रत्यक्ष पाहिलेलें सांगितलें आहे, त्यासही उत्तर द्यावें लागलें असतें. तें त्यांनीं दिलें नाहीं. लोकहितवादींच्या 'शतपत्रां'वरील टीकेंतही उपहासाचा भाग मोठा आहे. तथापि तेथें निदान वाद तरी आहे.

कोणी म्हणेल, तो काळच तसा होता. पण काळाचा आधार घ्यावयाचा तर फुलेही त्याच काळाचे, त्याच पुण्याचे.

'आमच्या देशाची स्थिति' हा त्यांचा निबंध सरकारनें १९१० त जप्त केला आणि १९३७ त बंदी उठली. जप्तीनें त्यास जें वलय आलें, त्याच्या छायेंत हा दोष झांकून गेला. एक उपाय सुचतो: 'गुलामगिरी'वरील मालेंतील टीका व फुल्यांचे मूळ उतारे समोरासमोरच्या पानांवर छापावे, आणि ज्या उताऱ्यास मालाकारांनीं हातच लाविला नाहीं, तेथें समोरचें पान कोरें ठेवावें.