‘चाचणी अपुरी होती’ हे उत्तरच अपुरं आहे

वीज-पाण्याच्या बिलांची जुनी संगणक प्रणाली काढून नवी बसवताना काय बिघडतं, यावर कुणी लिहायला घेतलं की लॉस एंजेलिसचं उदाहरण हमखास येतं. निष्कर्षही ठरलेला असतो: चाचणी पुरेशी झाली नव्हती. माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे. ते खोटं आहे असं नाही, पण त्यातून संशोधनाच्या हाती फारसं काही लागत नाही. का ते बघू.

आधी घटना. लॉस एंजेलिस डिपार्टमेंट ऑफ वॉटर अँड पॉवर ही अमेरिकेतली सर्वात मोठी नगरपालिकेच्या मालकीची वीज-पाणी संस्था. तिथली चाळीसेक वर्षं जुनी बिलिंग प्रणाली बंद करून सप्टेंबर २०१३ मध्ये नवी सुरू केली गेली. मग कुणाला चुकीची बिलं गेली, कुणाला अंदाजाने काढलेली. काहींना महिनोन्महिने बिलच आलं नाही. फोन करावा तर ताटकळत बसावं लागायचं. वसुली थकली. मार्च २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टेट ऑडिटरचा अहवाल आला. त्याचं मुख्य म्हणणं असं की अडचणी ठाऊक असूनही प्रणाली सुरू केली गेली आणि संचालक मंडळापुढे पूर्ण चित्र ठेवलं गेलं नाही.

आता नीट वाचा. अडचणी ठाऊक होत्या! म्हणजे निदान काही दोष वेळेआधी दिसले होते. मग हाच अहवाल ‘चाचणी अपुरी’ याचा पुरावा कसा होतो? दोष न दिसणं आणि दिसलेला दोष बाजूला सारणं ही दोन वेगळी अपयशं आहेत. पहिल्यासाठी चाचणीची रचना तपासावी लागते, दुसऱ्यासाठी निर्णय कुणी, कोणत्या दबावाखाली घेतला ते. दोन्हींची साधनं वेगळी, डेटा वेगळा. एका वाक्यात दोन्ही कोंबली की व्हायवात पहिल्याच प्रश्नाला अडकायला होतं.

दुसरी अडचण अशी की फसल्यावर कितीही केलेली चाचणी अपुरीच ठरते. जे विधान कधी चुकूच शकत नाही, ते काही समजावूनही सांगत नाही. त्यामुळे ‘चाचणी किती केली’ यापेक्षा ‘ती कोणत्या प्रश्नाचं उत्तर देत होती’ हे विचारा. बिलिंगच्या बदलात असे निदान तीन प्रश्न असतात.

पहिला, हिशेब बरोबर आहे का? नेहमीचा उपाय म्हणजे दोन्ही प्रणाली काही काळ समांतर चालवून बिलं ताडून बघणं. पण जुनं बिल बरोबर होतं हे कुणी सांगितलं? बरोबर उत्तर कोणतं हे ठरवणारा आधार कुठून आणायचा, याला टेस्ट ओरॅकलचा प्रश्न म्हणतात (त्या नावाच्या कंपनीशी याचा संबंध नाही). एलेन वेयुकर यांनी १९८२ मध्येच यावर महत्त्वाचा निबंध लिहिला आहे. दोन बिलं जुळली तरी दोन्ही चुकीची असू शकतात. निवाडा छापील दरपत्रकावरूनच करावा लागतो.

दुसरा, हलवलेला डेटा बरोबर आहे का? लॉस एंजेलिसच्या एका घरगुती बिलात वीज, पाणी, सांडपाणी आणि कचरा असे आकार दोन-दोन महिन्यांचे एकत्र येतात. सरसकट यादृच्छिक नमुना घेतलात तर बहुतेक खाती साधी-सरळ निघतील आणि पास होतील. गडबड असते ती मधेच भाडेकरू बदललेल्या किंवा मीटर बदललेल्या खात्यांत. म्हणून इथे स्तरित नमुना लागतो.

तिसरा प्रश्न सर्वात दुर्लक्षित: कार्यालयाला हे झेपेल का? संशयास्पद रीडिंग प्रणाली बाजूला काढते आणि ते माणसाने तपासायचं असतं. समजा, १० लाख बिलांपैकी १ टक्का बाजूला पडली. म्हणजे १०,००० बिलं. एक कर्मचारी दिवसाला ४० तपासत असेल, तर २५० जणांचं दिवसभराचं काम झालं. चाचणीच्या तक्त्यात मात्र ‘९९ टक्के पास’ असंच दिसणार. काम तुंबलं की अंदाजे बिलं जातात, आणि खरं रीडिंग आलं की एकदम मोठा आकडा. २०२० च्या टाळेबंदीनंतर महाराष्ट्रात सरासरी बिलांमागून आलेली जूनची बिलं आठवा. तिथे प्रणाली बदललेली नव्हती, पण बिल हातात धरून ‘हे बरोबर की चूक’ असा पडलेला प्रश्न तोच होता.

यावर कुणी म्हणेल, आतली चाचणीची कागदपत्रं मिळतात कुठे? अहवालावरच भागवावं लागतं. मान्य. पण मग अहवाल ज्याचं उत्तर देतो तेवढंच त्याला विचारा. तो निर्णयप्रक्रियेबद्दल बोलतो, तिथे तो भक्कम आहे. कोर्टातले दावे तर आणखी जपून वापरा. या प्रकरणात शहरासाठी काम करणारा एक वकील ग्राहकांच्या बाजूनेही गुंतलेला होता, हे पुढे उघड झालं आणि त्याने लाचखोरीचा गुन्हा कबूल केला. कोणता कागद कुणी, कशासाठी लिहिला हे तपासल्याशिवाय तो पुरावा म्हणून घेऊ नका.

आणखी एक. गाजावाजा न होता पार पडलेल्या बदलांचे असे अहवाल सहसा निघत नाहीत. फक्त फसलेल्या केसेस वाचून ‘अमुक चाचणी केली असती तर वाचले असते’ म्हणता येणार नाही. तीच चाचणी न करताही निभावलेले कितीतरी असू शकतात. प्रपोजलमध्ये निदान एक सुरळीत पार पडलेली केस तुलनेला घ्या. ती मिळवायला जास्त पायपीट पडेल, पण त्याशिवाय कारणाबद्दल बोलायचा अधिकार मिळत नाही.