भित्तिपटांची पाठ : एका प्रदर्शनाच्या मांडणीचें परीक्षण

लंडन येथील टेट मॉडर्न संग्रहालयांत इ. स. २०२२ च्या नोव्हेंबरापासून २०२३ च्या मे महिन्यापर्यंत पोलंडांतील विणकर कलावती माग्दालेना आबाकानोविच (१९३०–२०१७) हिच्या अमूर्त विणीव कृतींचें प्रदर्शन मांडलें होतें. त्याच्या मांडणीचा विचार ह्या पृष्ठांवर करण्यास कारण आहे. जुने कागद हाताळणारांस पाठीचें महत्त्व सांगावयास नको. सांध्यावरील मुद्रा, पोंचल्याची नोंद, कधीं कधीं मितीसुद्धां कागदाच्या पाठीवरच सांपडते. असा कागद कोणी खळ लावून पुठ्ठ्यावर डकविला, तर त्या उत्साही गृहस्थास आम्ही मनांत काय म्हणतों, तें येथें लिहीत नाहीं. विणलेला पट भिंतीस चिकटवून टांगणारा संग्रहालयाधिकारी तेंच कृत्य करतो, असें आमचें मत आहे.

युरोपांतील जुन्या भित्तिपटांची पाठ झांकण्यासाठींच होती. विणकर पाठीकडून विणी, धाग्यांचीं टोकें तिकडेच सोडी, आणि पुढें चित्रकाराचें चित्र दिसे. तरी उजेड न लागल्यामुळें मूळ रंगांचा पुरावा पुष्कळदां त्या पाठीवरच टिकला आहे. पैठणीची गोष्ट निराळी. तिच्या पदराची नक्षी दोन्हीं अंगांनीं सारखी उतरते, आणि जाणतें गिऱ्हाईक पदर उलटूनच पारख करतें.

स्वित्झर्लंडांत लोझान येथें १९६२ सालीं झां ल्यूर्सा ह्याच्या पुढाकारानें भित्तिपटांचें द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू झालें. चित्रकारानें अंक घातलेला नमुना द्यावा व विणकरानें तो अंकांबरहुकूम उतरावा, ही ल्यूर्साची पद्धति. आबाकानोविच ही स्वतः मागावर बसणारी. त्या पहिल्या प्रदर्शनांतील तिची पांढऱ्या आकृतींची रचना भिंतीचीच होती. परंतु पुढें तिनें जुने टाकाऊ दोर उकलून त्यांतील सिसल, म्हणजे आपल्या घायपाताच्या जातीचाच वाख, रंगवून विणला, आणि त्याच दशकाच्या अखेरीस तिचें विणकाम भिंत सोडून छतापासून लोंबूं लागलें. ह्या कृतींस तिच्याच नांवावरून ‘आबाकान’ म्हणतात.

मांडणारे मात्र भिंत सोडीनात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानें १९६९ सालीं आठ देशांतील २८ विणकरांच्या कृति मांडल्या, आणि प्रदर्शनास ‘वॉल हँगिंग्ज’ असें नांव दिलें ! ह्याच संग्रहालयानें १९४९ मध्यें ॲनी आल्बर्स हिचें स्वतंत्र प्रदर्शन भरविलें, तेव्हां खोलीचे भाग पाडणारे तिचे पडदे मोकळे टांगले होते. वीस वर्षांत तो धडा विसरला गेलासें दिसतें.

टेटनें तो पुन्हां गिरविला. ६४ मीटर लांबीच्या दालनांत आबाकान अरण्यासारखे टांगून त्यांच्यामधून फिरण्यास वाट ठेविली. पाठपोट दोन्हीं दिसूं लागलीं. हा ह्या मांडणीचा मोठा गुण होय. आमचा आक्षेप अरण्याच्या कल्पनेस आहे. अरण्यांत शिरलेला मनुष्य झाडाची साल निरखीत नाहीं. त्यास घनदाटपणाच आवडूं लागतो, आणि ताणाबाणा कसा पडला हा प्रश्न मागें राहतो.

भिंतीचा पक्षहि अगदींच निराधार नाहीं. मोकळ्या वस्त्राचा सारा भार वरच्या कांठावर येतो व महिनेन् महिने टांगल्यास धागा ताणला जातो. पाठीस आधार देऊन लावलेला पट तितका श्रमत नाहीं. शिवाय वस्त्रावर ५० लक्सहून अधिक उजेड पाडूं नये, असा संग्रहालयांचा सामान्य दंडक आहे. तो योग्यच, कारण उडालेला रंग परत येत नाहीं. पण तेवढ्या उजेडांत काळपट सिसलाची वीण दुरून उकलत नाहीं, आणि मूळ वस्तूस हात लावूं देतां येत नाहीं. ह्यास्तव टांगण्याची मुदत कमी करावी, परंतु पाठ उघडीच ठेवावी; आणि दालनाच्या तोंडाशीं त्याच जातीच्या वाखाचा, त्याच विणीचा हातभर तुकडा अर्धवट विणलेल्या स्थितींत लहानशा मागावर ठेवावा, म्हणजे प्रेक्षकास बोटांनीं चाचपतां येईल व हवा तेव्हां उलटूनहि पाहतां येईल.