यानंतर काय पाहायचं?

'माय मिस्टर' या कोरियन मालिकेचे सोळा भाग पाहून झालेला प्रेक्षक दुसऱ्याच दिवशी विचारतो, असं अजून काय आहे? त्याला बहुधा दोन प्रकारची उत्तरं मिळतात. नायिका ली जी-उन, म्हणजे गायिका आयू. म्हणून तिचीच 'होटेल डेल लूना' सुचवली जाते. ती आहे भुतांच्या हॉटेलची झगमगीत अद्भुतकथा. नाहीतर 'भावनिक' या लेबलाखालची एखादी रडकथा पुढे केली जाते. दोन्हीकडे त्याची निराशाच होते. २०१८ सालच्या या मालिकेत चाळिशीतला, मनानं थकलेला एक अभियंता आहे आणि कर्जात बुडालेली, बहिऱ्या आजीला सांभाळणारी एकवीस वर्षांची कंत्राटी मुलगी. या दोघांना प्रेमकथेत न ढकलता एकमेकांच्या आधारानं उभं करायचं, ही लेखनाची कमाल होती. शोधायला हवी ती ही लेखणी.

लेखिका आहे पार्क हे-यंग. कोरियातली सोळा भागांची मालिका बहुतेक वेळा एकहाती लिहिलेली असते, आणि मुरलेला कोरियन प्रेक्षक नवी मालिका कुणी लिहिलीय हे आधी पाहतो. आपल्याकडे ओटीटीच्या पडद्यावर नटांचे चेहरे दिसतात, विषयाचं लेबल दिसतं. लेखकाचं नाव मात्र शोधून काढावं लागतं. शिफारशी फसतात त्या इथेच.

पार्क हे-यंगची पुढची मालिका 'माय लिबरेशन नोट्स' (२०२२). सोलबाहेरच्या एका गावातून रोज शहरात नोकरीला जाणारी तीन भावंडं, सिंक बसवणारे अबोल वडील आणि त्यांच्या हाताखाली काम करणारा, रात्रंदिवस दारू पिणारा एक परका माणूस. सुरुवातीचे भाग संथ आहेत हे सुचवणाऱ्यानं आधीच सांगून टाकावं, म्हणजे पाहणारा मध्येच उठून जात नाही. इथून वाट जपानी दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदाकडे जाते. कोरे-एदा 'माय मिस्टर'चा चाहता. 'ब्रोकर' (२०२२) हा कोरियन चित्रपट करताना त्यानं आयूलाच घेतलं. तरी 'ब्रोकर'पेक्षा त्याचा 'स्टिल वॉकिंग' (२००८) त्या मालिकेच्या कितीतरी जवळचा आहे. एका मुलाला वाचवताना थोरला मुलगा बुडाला. त्याच्या स्मृतिदिनाला घर एकत्र जमतं, आणि आई त्या वाचलेल्या मुलाला दरवर्षी आग्रहानं बोलावत राहते. का बोलावते, हे कळतं तेव्हा अंगावर काटा येतो.

लेखणी किती ठरवते हे तपासायला दिग्दर्शक किम वॉन-सोकचं काम उपयोगी पडतं. 'सिग्नल' (२०१६), 'माय मिस्टर' आणि 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' (२०२५), तिन्ही मालिका त्याच्याच. हात तोच, पण तिन्हींचा जीव निराळा, कारण लेखिका तीन.

'सिग्नल' किम उन-हीनं लिहिली. आजचा तपास अधिकारी आणि पंधरा वर्षांपूर्वीचा पोलीस एका जुन्या वॉकी-टॉकीवरून बोलतात, एवढ्यावरून ही मालिका आवडलेल्याला कालप्रवासाच्या गोष्टी सुचवल्या जातात. पण तिची खरी वेदना न सुटलेल्या गुन्ह्यांची आहे. तिच्यामागे ह्वासोंगच्या हत्याकांडाची सावली आहे. १९८६ ते १९९१ या काळातल्या त्या खुनांचा छडा पोलिसांना लागला नाही. २०१९ साली डीएनए चाचणीतून गुन्हेगार कळला, तेव्हा खटला भरण्याची कायदेशीर मुदत संपून गेली होती. याच प्रकरणावर बोंग जून-होनं २००३ मध्ये 'मेमरीज ऑफ मर्डर' केला. 'सिग्नल'नंतर पाहावा तो हाच. एक इशारा मात्र द्यायला हवा: लेखणीचा धागा दर वेळी तारून नेत नाही. किम उन-हीचीच 'जिरीसान' (२०२१) विस्कळीत आहे, आणि ती डोळे झाकून सुचवणाऱ्यावरचा विश्वास उडतो.

'मेमरीज ऑफ मर्डर'नंतरचा मुक्काम चीनमध्ये आहे, आणि तो फार थोडे सुचवतात. शिन श्वांग या दिग्दर्शकाची 'द लाँग सीझन' (२०२३) अवघ्या बारा भागांची आहे. चाळीस-पन्नास भागांच्या चिनी मालिकांना घाबरणाऱ्यांनीही ती बिनधास्त हातात घ्यावी. ईशान्य चीनमधलं पोलाद कारखान्याचं एक शहर, १९९०च्या दशकाअखेरची कामगार कपात, एक खून आणि मुलगा गमावलेला इंजिनचालक वांग श्यांग. ही भूमिका फान वेईनं केली आहे. कारखान्यावर, गणवेशावर, सहकाऱ्यांवर असलेला त्या माणसाचा भाबडा विश्वास कसा गळून पडतो, ते पाहताना गिरणगावची पडझड जवळून पाहिलेल्या किंवा जयंत पवारांचं 'अधांतर' अनुभवलेल्या मराठी माणसाला फारसं समजावून सांगावं लागत नाही. बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळवणारा 'ब्लॅक कोल, थिन आइस' (२०१४) हा चित्रपट या मालिकेच्याच शेजारचा. फक्त तिथे बर्फ आहे, इथे लख्ख ऊन.

एकच गोष्ट देशोदेशी पुन्हा बनते तेव्हा साम्य सर्वात फसवं असतं. 'हाना योरी दांगो' या जपानी कॉमिकवरून तैवाननं २००१ मध्ये, जपाननं २००५ मध्ये, कोरियानं २००९ मध्ये आणि चीननं २०१८ मध्ये मालिका केली. एक आवडली म्हणून बाकीच्या तीन पाहायला सांगणं म्हणजे तेच ताट पुन्हा वाढणं. याउलट युजी साकामोतोनं लिहिलेली जपानी 'मदर' (२०१०) आणि तिचं जंग सो-क्यंगनं केलेलं कोरियन रूप (२०१८) यांतून दोन नव्या वाटा फुटतात. पहिली आवडली तर साकामोतोनंच लिहिलेला कोरे-एदाचा 'मॉन्स्टर' (२०२३) पाहावा. दुसरी भावली तर पार्क चान-वूकचा 'डिसिजन टू लीव्ह' (२०२२), ज्याच्या पटकथेत जंग सो-क्यंगचा हात आहे.

राहिली 'टँजरिन्स'. जेजू बेटावरच्या पाणबुड्या आईची मुलगी ए-सुन, तिचं कवयित्री होण्याचं स्वप्न आणि तीन पिढ्यांचा संसार. लिम सांग-चुनचं हे लेखन मायाळू आहे. मधूनमधून मात्र ते प्रेक्षकाला हट्टानं रडवतं. त्याची थोरली बहीण म्हणजे सुगाको हाशिदांनी लिहिलेली 'ओशिन' (१९८३-८४). तांदळाच्या मोबदल्यात सात वर्षांच्या मुलीला कामाला धाडणारी ही जपानी कथा जास्त कठोर आहे, आणि म्हणूनच जास्त खोल जाते. जपानमध्ये सरासरी निम्म्याहून अधिक घरांत ती पाहिली जात असे. पंधरा मिनिटांचे २९७ भाग आज पेलणार नाहीत, असं वाटणाऱ्यांसाठी त्याच पिढीतल्या कुनिको मुकोदांची 'आशुरा' आहे. १९७९ सालची ही मालिका कोरे-एदानं २०२५ मध्ये नेटफ्लिक्ससाठी सात भागांत नव्यानं केली. सत्तरीतल्या वडिलांची दुसरी बाई असल्याचं चार बहिणींना कळतं, आणि आईला हे सांगायचं की नाही यावर चौघी जेवता जेवता भांडत बसतात.