हवामान-धोरण आणि पर्यावरणीय न्याय : खारपाणपट्ट्याच्या संदर्भात

जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने अमरावती-अकोल्यातील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्याची स्वतंत्र दखल घेतली, हे त्याचे श्रेय होय. येथील भूजल खारे असल्याने पावसाने दडी मारल्यास विहिरीचा आधार उरत नाही. म्हणून शेततळ्याला महत्त्व. परंतु वैयक्तिक लाभासाठी सातबारा आवश्यक. खर्च आधी स्वतः करावयाचा, अनुदान नंतर खात्यात जमा. परिणामी मक्त्याने कसणारा आणि भांडवल नसलेला अल्पभूधारक मागे पडतो. कर्ब-उत्सर्जनात ज्याचा वाटा नगण्य, त्यानेच अनुकूलनाचा खर्च आगाऊ उचलावा, हा न्याय कोणता? प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद आणि कामापूर्वी अग्रिम रक्कम, या दोन सुधारणांशिवाय असे धोरण गरजूपर्यंत पोहोचणार नाही.