अटींतून घडलेली नजर

वर्तमानपत्राच्या पानावर आमची छबी वर्षातून दोन वेळा हमखास येते. एकदा ईदला. गोल टोपी घातलेली दोन लहान मुले गळाभेट घेत आहेत आणि मागे ईदगाहवर नमाजच्या सफा उभ्या आहेत. दुसऱ्यांदा कुठे काही अघटित घडले की. तेव्हा पदराने तोंड झाकलेली बाई असते, नाहीतर जळालेल्या दुकानापुढे उभा असलेला म्हातारा. मधल्या साडेतीनशे दिवसांत हाच माणूस शाळेत शिकवतो, गाद्या भरतो, एस.टी. चालवतो, वावरात डवरे धरतो. त्याचे चित्र मात्र निघत नाही. छायाचित्रातली मौलिकता, म्हणजे स्वतःची अशी शैली, ही आम्हांला केवळ कलेच्या वर्गातली चर्चा वाटत नाही ती यामुळे. आपल्याकडे कोण कसे पाहतो आणि आपण आपल्याकडे कसे पाहतो, हा तो प्रश्न आहे.

मराठी साहित्यात हा प्रश्न आपण विचारला आहे. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे आपले जगणे आपल्याच शब्दांत यावे ही ओढ होती. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र आपण अजून दुसऱ्याच्या चौकटीत उभे आहोत. आज प्रत्येक तरुणाच्या खिशात कॅमेरा आहे, पण त्यातून निघणारी चित्रे एकमेकांची नक्कल असतात. निसर्गचित्र म्हटले की सूर्यास्त आणि एकटे झाड. व्यक्तिचित्र म्हटले की सुरकुतलेला चेहरा आणि काळीभोर पार्श्वभूमी. शैली म्हणजे काहीतरी वेगळे दिसणे, असा समज यामागे आहे. शैली अशी शोधून सापडत नाही, असे आमचे मत आहे. त्याचा एक दाखला आमच्याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला घडून गेला आहे.

गांधीजी 1936 साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. या गावाचेच नाव पुढे 1940 मध्ये सेवाग्राम झाले. त्यांच्या कार्यालयीन कामात हातभार लावणारा एक तरुण तेथे होता, कनु गांधी. जन्म 1917 चा, नारणदास गांधींचा मुलगा, नात्याने बापूंचा चुलत नातू. विनोबांचे बंधू शिवाजी भावे यांनी त्याला छायाचित्रे काढण्यास उत्तेजन दिले. कॅमेऱ्यासाठी आश्रमाकडे पैसा नव्हता. अखेर बापूंच्या सांगण्यावरून घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा व फिल्मचा एक रोल आला. परवानगी देताना बापूंनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. मला कधीही अमुक असे बसा, तमुक असे उभे राहा म्हणायचे नाही. आणि आश्रम या छंदाचा खर्च उचलणार नाही. 1938 पासून पुढची सुमारे दहा वर्षे कनुने या तीन अटींत राहून काम केले.

या अटी छायाचित्रकाराचे हात बांधणाऱ्या होत्या. पण कनुची चित्रे नीट पाहिली, तर त्याची सारी शैली या तीन अटींतूनच उगवलेली दिसते. फ्लॅश नाही म्हणजे उजेड जसा असेल तसा घ्यायचा. कुडाच्या, मातीच्या भिंती आणि लहान खिडक्या असलेल्या झोपडीत उजेड तो किती! त्या काळच्या फिल्म मंद असत, म्हणून शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागे आणि हललेला हात चित्रात पुसट होई. कुठे दाणेदारपणा, कुठे अर्धा चेहरा सावलीत. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने हे दोष आहेत. पण वर्ध्याच्या उन्हातून थंड अंधाऱ्या खोलीत शिरताना डोळ्यांना जे जाणवते, ते या दोषांतूनच चित्रात उतरले आहे. फ्लॅशने ती खोली उजळली असती आणि खोलीपण गेले असते.

दुसरी अट सर्वांत मोठी. बसा म्हणायचे नाही, म्हणजे वाट पाहायची. माणूस कॅमेऱ्यासाठी काही करत नाही, तो आपले काम करतो आणि छायाचित्रकार त्या कामाच्या लयीत आपला क्षण शोधतो. 1940 सालची सेवाग्रामची दोन चित्रे येथे आठवतात. एकात बापू डोक्यावर उशी घेऊन आहेत. महात्म्याचे असे चित्र काढायला कुणी त्यांना सांगू धजले नसते, आणि सांगून ते आलेही नसते. दुसऱ्यात ते कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करत आहेत. त्या काळी ज्या रोग्याला घरचे लोकही शिवत नसत, त्याच्या अंगाला लागलेला हात तेथे दिसतो. चित्रात उपदेश नाही. हाताचे काम दाखवून कनु गप्प राहतो. 1944 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान महालात कस्तुरबा गेल्या, तेव्हाचे, त्यांच्या पार्थिवासमोर बसलेल्या बापूंचे त्याचे चित्र पाहावे. असल्या प्रसंगी कॅमेरा वर करणे म्हणजे बेअदबी ठरण्याचा धोका. तो धोका टळला आहे, कारण पाहणारा परका नाही. तो घरातला आहे आणि त्यालाही दुःख आहे.

यंत्राचाही यात वाटा आहे. रोलायफ्लेक्स डोळ्याला लावत नाहीत. तो पोटाशी धरून, मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचे असते. त्या काचेत डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे दिसते, म्हणून घाई करून चालत नाही. चटईवर बसलेल्या माणसाचे चित्र घ्यायचे तर छायाचित्रकारालाही खाली बसावे लागते. रोखून पाहणाऱ्या डोळ्याऐवजी झुकलेली मान समोर असली की चेहरा आपोआप सैल होतो. आणखी एक गोष्ट. या कॅमेऱ्याची चौकट चौकोनी असते, सहा बाय सहा सेंटिमीटरची. आपण आडव्या चित्राला निसर्गाचे आणि उभ्या चित्राला माणसाचे म्हणायला शिकलो. चौकोनात हा भेद राहत नाही. माणूस आणि त्याची जागा, दोघांनाही सारखीच जमीन मिळते. एका रोलवर चित्रे फक्त बारा आणि खर्च आश्रमाचा नाही, म्हणून तिसऱ्या अटीने हात राखून वापरायला लावला. प्रसिद्धीच्या हक्कापोटी अमृत बझार पत्रिकेकडून महिना शंभर रुपये मिळू लागले, त्यावर हे काम चालले.

याच बापूंचे जगभर गाजलेले चित्र मात्र मार्गारेट बर्क-व्हाइट यांचे आहे. 1946 साली पुण्यात काढलेले, चरख्यापाशी वाचत बसलेले बापू. त्यांनाही अट होतीच. आधी सूत कातायला शिका, मग चित्र घ्या, असे त्यांना सांगण्यात आले. फ्लॅशचे तीनच बल्ब वापरण्याची मुभा मिळाली. पहिले दोन प्रयत्न वाया गेले आणि तिसरा साधला. ते चित्र थोर आहे, त्याची रचना निर्दोष आहे. पण ते चरखा आणि महात्मा यांचे चिन्ह आहे. कनुच्या चित्रांत चिन्ह कमी आणि माणूस जास्त आहे. चिन्ह जगभर फिरते आणि माणूस घरात राहतो. म्हणूनच की काय, कनुचे काम दीर्घकाळ पडद्याआड राहिले. ‘कनूज गांधी’ हे त्याच्या चित्रांचे पुस्तक दिल्लीच्या नझर फाउंडेशनने काढले ते 2015 मध्ये. कनु 1986 सालीच वारले होते.

केवळ कौतुक करून थांबणे समीक्षेला शोभत नाही. या चित्रांची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रसिद्ध झालेली चित्रे पाहताना आम्हांला जाणवते की बापू नेहमी मध्यभागी आहेत आणि गाव कडेला. ज्या शेगावात हे सारे घडले, तेथील शेतकरी, मजूर, दलित वस्तीतील बायका बहुधा गर्दी म्हणून येतात. प्रेमाने पाहणारी नजर ज्याच्यावर प्रेम करते, त्याच्यापलीकडे क्वचितच जाते. खान अब्दुल गफ्फार खान 1934 मध्ये वर्ध्याला राहिले, त्याच वर्षाअखेर येथूनच त्यांना अटक झाली. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नेमलेल्या नयी तालीम समितीचे अध्यक्ष झाकीर हुसेन होते. म्हणजे वर्ध्याच्या या इतिहासात आपली माणसे पाहुणी नव्हती. पण आमच्या मोहल्ल्यातला साधा माणूस, त्याचे अंगण, त्याचा बाजार या चौकटीत आला नाही. ते काम कनुचे नव्हते. ते आपले आहे, आणि अजून व्हायचे आहे.

आतून पाहणे आणि बाहेरून पाहणे यांतला फरक दुसऱ्या देशातल्या एका घटनेने अधिक स्पष्ट होतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या लाखाहून अधिक लोकांना छावण्यांत डांबले. डोंगर आणि आकाश यांच्या निसर्गचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले अॅन्सेल अॅडम्स 1943 साली मॅन्झनार छावणीत गेले. त्यांना या लोकांविषयी कळकळ होती. त्यांनी उजळ, हसरे, स्वाभिमानी चेहरे टिपले आणि हे लोक निष्ठावान नागरिक आहेत असे देशाला पटवण्याचा प्रयत्न केला. त्याच छावणीत तोयो मियाताके नावाचे छायाचित्रकार स्वतः कैदी होते. त्यांनी भिंग लपवून आत नेले आणि लाकडाची पेटी जोडून कॅमेरा बनवला. त्यांच्या एका चित्रात तीन मुले काटेरी तारेपाशी उभी आहेत. अॅडम्स यांना त्या लोकांचे चांगुलपण सिद्ध करायचे होते. मियाताके यांना काही सिद्ध करायचे नव्हते, तार होती आणि ती त्यांनी दाखवली. अल्पसंख्य समाजाने हा भेद ध्यानात ठेवावा. ‘आम्ही चांगले आहोत’ हे सांगणारे चित्र आणि ‘आम्ही आहोत’ हे सांगणारे चित्र, दोन्ही एक नव्हेत.

आपल्या मराठी मुलखातही अशी नजर आहे. गौतम राजाध्यक्ष (1950-2011) यांनी नामवंतांच्या चेहऱ्यांना जो मऊ उजेड दिला, तो त्यांचा स्वतःचा होता. पण तो प्रसिद्धीच्या जगाचा उजेड. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी कॅमेरा मुंबईच्या सफाई कामगारांकडे वळवला. ते कामगारांबरोबर गटारापर्यंत गेले आणि त्यांच्या घरातही बसले. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची शैली भिंगातून आली नाही, त्या लोकांसोबत काढलेल्या वेळातून आली.

आता निसर्गचित्राकडे येऊ. वर्धा जिल्ह्यात हिमशिखरे नाहीत. काळी कसदार जमीन, कपाशी, धाम आणि वर्धा नद्या, बोरचे जंगल, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारे ऊन. या भूमीचे चित्र 2000 नंतरच्या काळात एकाच साच्यात बसले: भेगाळलेली जमीन आणि मेलेल्या नवऱ्याची तसबीर हातात धरून बसलेली शेतकऱ्याची विधवा. 2006 साली केंद्राने विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले, त्यांत वर्धाही होता. हे दुःख खरेच होते. पण तसबीर हातात देऊन बाईला दारात बसवणे म्हणजे ‘असे बसा’ म्हणणेच नव्हे काय? ईदची गळाभेट आणि ही तसबीर, दोन्ही चित्रे बातमी येण्याआधीच तयार असतात. माणूस फक्त त्यात भरायचा असतो.

याउलट समुद्रपूर तालुक्यातील गिरडची टेकडी पाहावी. वर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही तेथे जातात. टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल खडे सापडतात. एका व्यापाऱ्याच्या मालाचे बाबांनी दगड केले, अशी आख्यायिका त्यांच्याभोवती आहे. येथे जमीनच गोष्ट सांगते. तेथला निसर्ग आणि तेथे चढणारा माणूस यांना वेगळे करताच येत नाही. पण टेकडीवरून दिसणाऱ्या सूर्यास्ताचे चित्र काढून खाली उतरणाऱ्याला हे दिसणार नाही. वर्षाचे बारा महिने, चादर घेऊन येणाऱ्यांबरोबर आणि कुणीच नसताना, त्या पायऱ्या चढाव्या लागतील.

आपल्या घरांतून तसबिरीविषयी एक संकोच आहे, तोही येथे विचारात घ्यावा. पुष्कळ घरांत भिंतीवर माणसाचा फोटो नसतो. मक्का-मदिनेचे कॅलेंडर असते, आणि अब्बांचा निकाहातला फोटो पेटीत कपड्यांखाली असतो. बायकांचे चेहरे कॅमेऱ्यासमोर आणायला अनेकींना आवडत नाही. नमाजीच्या समोर जाऊन उभे राहणे अदबीला धरून नाही. आमच्यातले काही तरुण म्हणतात, इतक्या बंधनांत कला कशी होणार? त्यांनी सेवाग्रामकडे पाहावे. अटी तेथेही होत्या, आणि त्या ज्याचे चित्र काढायचे त्यानेच घातलेल्या होत्या. समोरचा माणूस अट घालतो तेव्हा तो आपला मान आपल्या हाती ठेवतो. ती अट मोडून मिळणारे चित्र चोरीचे असते. ती पाळून मिळणारे चित्र दोघांचे असते. दादीने चेहऱ्याचे चित्र नको म्हटले, तर तिच्या विणणाऱ्या हातांचे, तिच्या सुपाचे, तिने सारवलेल्या ओट्याचे चित्र काढावे. उद्या ती स्वतःच म्हणाली की बेटा, आता काढ, तर त्या चेहऱ्यात जे येईल ते कोणत्याही भिंगाने आणता येणार नाही.

म्हणून हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील आमच्या तरुण मित्रांना आमचे सांगणे असे की, शैलीच्या मागे धावू नका. एक मोहल्ला निवडा, एक टेकडी किंवा एक वावर निवडा, आणि तेथल्या माणसांना विचारा, तुमच्या अटी कोणत्या? त्या लिहून घ्या आणि मोडू नका. कनुला एका माणसासाठी दहा वर्षे लागली. तुम्हांला तेवढीच लागतील, कदाचित अधिक. तोवर वर्तमानपत्रे ईदची गळाभेट छापत राहतील. पण शेजारच्या घरातल्या पेटीत, निकाहाच्या फोटोजवळ, तुम्ही काढलेले एखादे चित्र जाऊन बसले, तर आमचे चित्र आमच्या नजरेतून निघू लागले असे खुशाल समजावे.